ती गोळी कुमुदमावशींची नव्हती

कुमुदमावशी गेल्याची बातमी मला इथल्या मराठी मंडळाच्या ई-मेलमधून कळली. सकाळी ऑफिसात कॉफी घेऊन बसलो, मेल उघडली. वर त्यांचं नाव, तेही 'कुमुद'चं 'कुमुदिनी' करून ठेवलेलं. मग दोन ओळी, 'प्रेमळ, मनमिळाऊ, सर्वांच्या लाडक्या'. आणि त्याच मेलच्या तळाशी येत्या शनिवारच्या पॉटलकला कुणी काय आणायचं याची यादी. कुमुदमावशी प्रेमळ होत्या की नाही हे श्रीधरकाकांना ठाऊक. मनमिळाऊ मात्र त्या अजिबात नव्हत्या. ह्यूस्टनला लागून असलेल्या शुगर लँडमधल्या निम्म्या मराठी घरांशी त्यांचं पटत नव्हतं आणि उरलेल्या निम्म्यांची त्यांनी दखलच घेतली नव्हती.

दोन आठवड्यांनी शोकसभा झाली. हारांनी झाकलेला फोटो, समया, मागे कॉफीचा मोठा थर्मास. बोलणाऱ्यांत माझा मित्र हर्षद होता. त्यानं माइक हातात घेतला आणि मावशींच्या शिकारीची गोष्ट सांगितली. टेक्ससच्या माळरानावर चारशे तीस यार्डांवर, म्हणजे जवळजवळ चारशे मीटरवर, उभं असलेलं हरीण या साठीतल्या बाईंनी एका गोळीत कसं लोळवलं, आणि वर हसून 'चला, चहा घेऊ' कसं म्हणाल्या… लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. पहिल्या रांगेत श्रीधरकाका मान खाली घालून बसले होते. मी तिसऱ्या रांगेत होतो आणि गप्प राहिलो. गप्प राहायचा मला चांगला सराव आहे. तो कसा झाला तेच आता लिहायला बसलोय, कारण मंडळाच्या स्मरणिकेत ती गोष्ट छापायचं ठरलंय, आणि ती गोष्ट खोटी आहे.

कुमुदमावशी मूळच्या अमरावतीच्या. नागपुरात डॉक्टर झाल्या, लग्नानंतर ह्यूस्टनला आल्या आणि तीस वर्षं एका हॉस्पिटलात भूल देण्याचं काम केलं. उंची जेमतेम पाच फूट. हॉस्पिटलातल्या एका सर्जननं गंमत म्हणून त्यांना एकदा शिकारीला नेलं होतं. दिवसभर तो त्यांच्या उंचीवर विनोद करत राहिला. पुढच्या वर्षी मावशी स्वतःची रायफल घेऊन गेल्या, आणि त्यानंतर त्या सर्जनला त्यांनी कधी बरोबर नेलं नाही. श्रीधरकाका पाइपलाइनच्या कामातले इंजिनिअर, अंडंसुद्धा न खाणारे. घरात दोन फ्रीज. स्वयंपाकघरातला काकांचा, गॅरेजमधला मावशींचा. नोव्हेंबर उजाडला की मावशी ह्यूस्टनहून पाच तास गाडी चालवून पश्चिमेला एका म्हाताऱ्या शेतमालकाच्या रानात जायच्या आणि हरीण घेऊन परत यायच्या. सोलणं, कापणं, पाकिटं करणं, सगळं स्वतः. त्यांच्या हातचा खिमा मंडळातले लोक दोनदा वाढून घेत, आणि हात धुताना म्हणत, बाईमाणसाला शोभतं का हे. मावशींना ते ऐकू जायचं. त्या पुढच्या वेळी पुन्हा खिमा आणायच्या. 'खाऊ दे,' एकदा मला म्हणाल्या, 'तोंड भरलेलं असलं की तेवढा वेळ तरी बोलत नाहीत.'

मी पुण्याहून इथे आलो २००१ मध्ये, हर्षद त्याच्या आदल्या वर्षी. दोघेही एकाच कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचो. ऑफिसातले गोरे सहकारी सोमवारी शिकारीच्या गोष्टी सांगायचे आणि आम्ही दोघं डबा उघडून ऐकत बसायचो. ग्रीन कार्ड आल्यावर हर्षदनं ठरवलं की आपणही शिकार करायची. आणि हर्षदनं एखादी गोष्ट ठरवली की तो ती आधी इंटरनेटवर करतो. त्या काळी शिकारीच्या फोरमांवर एकच वाद अखंड चालू असायचा. लांबून हरीण मारायचं तर कॅलिबर कोणतं? कॅलिबर म्हणजे ढोबळमानानं नळीचा व्यास, इंचाच्या भागात मोजलेला. पण तिथली माणसं त्यावरून आईबहिणींपर्यंत पोहोचायची. कुणाला दोनशे सत्तर हवी, कुणाला तीनशे आठ, आणि ज्यांना आपण मर्द आहोत याची रोज खात्री करून घ्यावी लागते त्यांना तीनशे मॅग्नम. तीनशे मॅग्नममध्ये दारू भरपूर, गोळी जड, वेग प्रचंड, आणि खांद्यावर दणका गाढवाच्या लाथेसारखा. हर्षदनं सगळ्यांचा तक्ता केला. शंभर यार्डांवर गोळी किती खाली येते, तीनशेवर किती, पाचशेवर किती, हिरव्या-पिवळ्या रंगात. आयुष्यात एकही हरीण जवळून न बघितलेला माणूस पाचशे यार्डांच्या रकान्यावर बोट ठेवून मला सांगत होता, 'यार, इथे बघ ना, फरक इथे पडतो.' आणि मी बघत होतो. आज त्या तक्त्याची मला किळस येते. तेव्हा मी त्याची एक प्रिंट माझ्यासाठीही काढून घेतली होती.

तो तक्ता घेऊन आम्ही मावशींकडे गेलो. त्यांनी तो हातात घेतला, एकदा उलटा करून मागची बाजू कोरी आहे ना बघितलं, आणि त्यावर भाजी निवडायला घेतली. मग मेथीची पानं खुडत, आमच्याकडे न बघता बोलल्या. चारशे यार्डांवर पोचायला गोळीला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो, तेवढ्यात हरणानं एक पाऊल टाकलं की काळजाऐवजी पोट. वाऱ्याची साधी झुळूक तेवढ्या अंतरात गोळीला वीतभर सरकवते. इथलं हरीण मोठ्या कुत्र्याएवढं, त्याला मारायला दोनशे सत्तर पुरून उरते, त्याहून लहानही चालेल, आणि त्या स्वतः बावीस वर्षं तीच वापरत होत्या. हर्षदनं विचारलं की जास्त ताकद असली तर बिघडतं कुठे? तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली.

"भूल देताना औषध नेमकं कुठे आणि किती द्यायचं हे ज्याला कळत नाही, तोच मोठी बाटली मागतो," त्या म्हणाल्या. "आणि लांबून मारायचंय, लांबून मारायचंय काय लावलंय? जवळ जायचा कंटाळा, दुसरं काय."

पुढच्याच महिन्यात आम्ही दोघांनी तीनशे मॅग्नम घेतल्या.

तरी मावशी मला नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेल्या. मला वाटतं, हर्षदला त्यांनी पहिल्याच दिवशी सोडून दिलं होतं, माझ्याबद्दल मात्र थोडी आशा होती. मी दहा-बारा गोळ्या झाडल्या. खांदा लाल झाला, पण लागलेली भोकं वाईट नव्हती, आणि मी खुशीत होतो. मग त्यांनी माझी रायफल घेतली, पाठ फिरवून भरल्यासारखं केलं, परत दिली आणि मार म्हणाल्या. मी नेम धरला, चाप ओढला. नुसती टिक वाजली. नळीत काहीच नव्हतं. पण नळीचं टोक मात्र चांगलं चार बोटं खाली गेलं होतं आणि माझे डोळे मिटलेले होते. दणक्याच्या भीतीनं मी आधीच दचकलो होतो. शेजारच्या बाकावर बसलेला एक म्हातारा गोरा हसला. मावशी हसल्या नाहीत. 'ही बंदूक तू नाही चालवत बाप्पा, तीच तुला चालवते,' म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी जेवणाच्या कागदी थाळ्या आणल्या. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं मिळून जागा थाळीएवढीच असते. बाकाचा आधार नाही, बसून किंवा गुडघ्यावर, रानात जसं असतं तसं मारायचं. पाचपैकी पाच गोळ्या थाळीत लागल्या तर थाळी मागे न्यायची, एक जरी बाहेर गेली तर थांबायचं. त्या दुपारी माझी थाळी एकशे साठ यार्डांवर थांबली. 'हे तुझं अंतर,' मावशी म्हणाल्या. 'फोरमवर काय लिहिलंय ते त्या लोकांचं अंतर.' रानात एकशे साठच्या पुढे गोळी झाडणार नाही असा त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला, आणि जमलं तर हे धूड विकून लहान काहीतरी घे म्हणाल्या. मी दोन्हीला हो म्हटलं. रायफल विकली नाही. ती घरात कपाटात उभी असली की बरं वाटायचं, एवढंच खरं कारण.

२००४च्या नोव्हेंबरात मावशींनी आम्हाला दोघांना त्यांच्या रानात नेलं. त्या त्यांच्या पिकअपमध्ये, आम्ही हर्षदच्या गाडीत. शनिवारी काहीच दिसलं नाही. रविवारी सकाळी मावशी ओढ्याच्या काठच्या मचाणाकडे गेल्या आणि आम्हाला माळाच्या कडेला बसवलं, जिथून झुडपांतली वाट शंभरेक यार्डांवर होती. आठच्या सुमारास हरीण आलं, पण वाटेवर नाही. पार पलीकडच्या उतारावर, एकटं, कडेनं उभं. हर्षदनं अंतर मोजायची दुर्बीण डोळ्याला लावली आणि आकडा पुटपुटला. चारशे तीस. त्याची रायफल गाडीतच राहिली होती. माझी मांडीवर होती.

"यार, मॅग्नम कशाला घेतलीस मग?" तो म्हणाला.

हे एवढंच. कुणी माझा हात धरला नव्हता. हरीण निवांत चरत होतं. उठून झुडपांआडून शंभर-दोनशे यार्ड पुढे सरकता आलं असतं. वेळ होता, आडोसा होता. मला कंटाळा आला. म्हणजे भीती वाटली, की तेवढ्यात ते निघून जाईल आणि सोमवारी सांगायला काही उरणार नाही. मी चाप ओढला. डोळे मिटले होते की उघडे, आज सांगता येत नाही. हरणाची पाठ कमानीसारखी वर आली आणि ते पाय ओढत झुडपात गेलं. हर्षदनं माझ्या पाठीवर थाप मारली.

आवाज ऐकून मावशी आल्या. पाठ वर आली का, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. म्हणजे पोटात लागलं होतं. आता लगेच मागे गेलं तर ते पळत राहील, म्हणून तीन-चार तास कुणी हलायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. किती लांबून, हे त्यांनी विचारलं नाही. त्या उताराकडे चालत गेल्या आणि परत आल्या, तेवढ्यात त्यांना कळलं असणार. दुपारी बाराला आम्ही शोधायला लागलो. काळपट रक्ताचे थेंब, त्यात चघळलेल्या गवताचे हिरवे कण. दगडावर एक, मग वीस पावलं काहीच नाही, मग पुन्हा एक. हर्षद तासाभरात गाडीत जाऊन बसला, त्याच्या बुटात काटा गेला होता. मावशी वाकून पुढे, मी मागे. थेंब थांबला की त्या तिथे रुमाल ठेवायच्या आणि गोल फिरून पुढचा शोधायच्या. त्यांचं वय तेव्हा साठ होतं. पाच तासांत त्या एकदाही बसल्या नाहीत आणि माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

पाचला ऊन उतरलं. हर्षदनं लांबून हॉर्न वाजवला. सोमवारी सकाळी आमची ऑफिसात मीटिंग होती. स्टेटस मीटिंग. कुणाचं काम कुठवर आलं हे आठ माणसांनी एकमेकांना वाचून दाखवायचं. मी मावशींना सांगितलं की आम्हाला निघायला लागेल, पाच तासांचा ड्राइव्ह आहे. त्या जमिनीकडे बघत होत्या.

"जा," त्या म्हणाल्या.

मी थँक्यू म्हटलं. लाज वाटावी अशा अनेक गोष्टी मी त्या दिवशी केल्या, पण त्या थँक्यूची मला सगळ्यांत जास्त वाटते.

सोमवारी मीटिंग सुरू व्हायच्या आधीच हर्षदनं सगळ्यांना सांगितलं, मंदारनं चारशे तीसवरून हरीण पाडलं. गोऱ्या सहकाऱ्यांनी शिट्ट्या वाजवल्या. मी 'लक होतं' म्हणालो. नम्रपणे. पुढे ही गोष्ट मंडळात पोचली, दिवाळीच्या कार्यक्रमात कुणीतरी मला 'आमचे नेमबाज' म्हणालं, आणि मावशी तिथे चार खुर्च्या सोडून बसलेल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही. त्यांना फोन करून हरीण मिळालं का, एवढं विचारायचं होतं. पहिल्या आठवड्यात उद्या करू म्हणत राहिलो. महिना झाल्यावर आता कसं विचारायचं असं झालं. मग संक्रांत आली, तिळगूळ देताना त्यांनी माझ्या हातावर वडी ठेवली, क्षणभर थांबल्या, आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. त्यांनी मला पुन्हा कधी रानात बोलावलं नाही. भेटल्यावर तब्येत कशी, आई कशी आहे, एवढं नीट विचारायच्या, जसं पेशंटच्या नातेवाइकाला विचारतात. दोन वर्षांनी मी रायफल विकली. हर्षदकडे त्याची अजून आहे. त्यानं त्यानंतर एकदाही रानात पाऊल टाकलेलं नाही, पण फोरमवर मात्र तो नव्या मुलांना सल्ले देतो.

यंदा मार्चमध्ये कळलं की मावशींचा कॅन्सर पसरलाय आणि उपचार थांबवलेत. मी भेटायला गेलो. मागच्या खोलीत पलंग हलवला होता, खिडकीजवळ. आधीच लहान असलेल्या बाई आता अगदी एवढ्याशा झाल्या होत्या, पण नजर तीच. काका चहा करायला गेले. मग त्या म्हणाल्या, "मंदार, तुला मला काही विचारायचंय का?"

मी म्हटलं, "नाही मावशी. तुम्हाला काही हवंय का? काही आणून देऊ?"

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डोळे मिटले आणि काही नको म्हणाल्या. मला वाटलं, दमल्या… नऊ दिवसांनी त्या गेल्या.

शोकसभेनंतरच्या रविवारी मी श्रीधरकाकांकडे गेलो. दारावर कुणी आलं नाही म्हणून बाजूनं मागे गेलो. काका मागच्या पायरीवर बसले होते. पुढ्यात मावशींचे रानातले बूट, एका हातात चिमटा, शेजारी स्टीलची वाटी. बुटांच्या नाड्यांत, शिवणीत, जिभेच्या घडीत कुसळं रुतून बसली होती. मागच्या हंगामात परत आल्यावर मावशींच्या अंगात ती काढायची ताकद राहिली नव्हती. काका एकेक कुसळ ओढून वाटीत टाकत होते. मी शेजारी बसलो आणि लोक विसरलेली माझी गोष्ट हर्षदनं सभेत मावशींच्या नावावर खपवली त्याबद्दल माफी मागितली. ती गोळी माझी होती, म्हणालो.

"माहीत आहे," काका म्हणाले. चिमटा थांबला नाही. "तू त्या हरणाचं कधी विचारलंच नाहीस. मी तिला म्हणायचो, सांगून टाक पोराला. ती म्हणायची, तो विचारील तेव्हा सांगीन."

"आता विचारतो, काका."

त्यांनी सांगितलं. आम्ही निघाल्यावर अंधार पडेपर्यंत मावशी शोधत राहिल्या. मग शेतमालकाच्या घरून त्यांनी हॉस्पिटलला फोन केला आणि सोमवारच्या ऑपरेशनांची यादी दुसऱ्या डॉक्टरकडे दिली. तीस वर्षांत त्यांनी असं एकदाच केलं. सोमवारी उजाडताच पुन्हा शेवटच्या रुमालापासून सुरुवात केली. दहाच्या सुमाराला कोरड्या ओढ्यात, काठाच्या सावलीला ते हरीण बसलेलं सापडलं. जिवंत होतं. मान वर करून त्यांच्याकडे बघत होतं. त्या चार पावलांवर गेल्या आणि एका गोळीत त्याला मोकळं केलं. मांस नासलं होतं, ते कोल्ह्यांसाठी ठेवून त्या परत आल्या. याच पायरीवर बसून त्यांनी पँटमधली कुसळं काढली, आणि काकांना मदत करू दिली नाही.

"रविवारी आठला लागलेलं ते," काका म्हणाले. "सोमवारी दहाला संपलं. मध्ये किती तास झाले ते तूच मोज, इंजिनिअर आहेस."

तीस वर्षं ओळखत असलेल्या लोकांनीही श्रीधरकाकांना कुणाला टाकून बोलताना ऐकलं नसेल. मी ऐकलं, आणि ते मला मिळायलाच हवं होतं. स्मरणिकेतली गोष्ट मागे घ्यायला मी सांगणार आहे, ते ऐकतील की नाही माहीत नाही, म्हणून इथे लिहितो. त्या बाईंनी चारशे तीस यार्डांवरून कधीही काहीही मारलं नाही. चार पावलांवरून मारलं, आणि त्या चार पावलांसाठी रविवारची दुपार आणि सोमवारची सकाळ चालल्या.

मी उठायला लागलो तेव्हा काकांनी एक बूट माझ्याकडे सरकवला, डावा. खिशातून नखं कापायच्या पाकिटातला दुसरा, लहान चिमटा काढून दिला. मी एक कुसळ पकडलं आणि घाईनं ओढलं. काकांनी माझं मनगट धरलं.

"सावकाश," ते म्हणाले. "बुडाशी धर. अर्धवट तुटलं की आतच राहतं."